माणसाला नेणं गुन्हा कधी ठरतं? लोणंदच्या तडीपारीपासून मावत खटल्यापर्यंत

कायद्याच्या इतिहासावर पीएच.डी. करायची म्हटलं की अनेकांना वाटतं, विषय दिल्लीचा नाहीतर लंडनचा हवा. आपल्या तालुक्यात काय मिळणार? आज मी मुद्दाम असा विषय घेतोय जो वरवर पाहता पार अमेरिकेतला आहे, आणि तो लोणंदमध्ये बसून कसा वाचता येतो ते दाखवणार आहे. सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल तर पूर्ण वाचा, कारण यात विषयाइतकीच पद्धतही महत्त्वाची आहे.

विषय असा: एखाद्या माणसाला त्या प्रदेशात राहायची परवानगी नाही, आणि दुसऱ्याने त्याला गाडीत बसवून नेलं, तर नेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे कायदे. या कायद्यांना कोर्टात आव्हान कोणत्या मुद्द्यावर दिलं गेलं, आणि त्यातून हाती काय लागलं?

अमेरिका: प्रश्न अधिकार कोणाचा एवढाच

२०११ मध्ये जॉर्जिया राज्याने एचबी ८७ नावाचा कायदा केला. दुसरा एखादा गुन्हा करत असताना कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसाला गाडीतून नेलं, त्याला आसरा दिला किंवा राज्यात यायला उद्युक्त केलं, तर शिक्षा. अ‍ॅरिझोना, अलाबामा, साऊथ कॅरोलायना या राज्यांनीही तशाच तरतुदी केल्या. २०२३ मध्ये फ्लोरिडाने एसबी १७१८ आणला. त्यात बाहेरून फ्लोरिडात माणूस आणणाऱ्याने 'तो बेकायदा आलाय हे माहीत असताना, किंवा माहीत असायला हवं असताना' आणलं, तर तो गंभीर गुन्हा ठरवला.

हे शेवटचे शब्द नीट वाचा: माहीत असायला हवं असताना. म्हणजे ड्रायव्हरने शेजारी बसलेल्याकडे बघून काहीतरी ओळखायचं. कशावरून? बोलण्यावरून? कपड्यांवरून? नावावरून?

तुम्हाला वाटेल, कोर्टाने याच मुद्द्यावर कायदा अडवला असेल. बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. जॉर्जियाच्या तरतुदीला दिलेली स्थगिती २०१२ मध्ये अपील कोर्टाने कायम ठेवली. फ्लोरिडात शेतमजुरांच्या संघटनेच्या दाव्यावर मे २०२४ मध्ये अंतरिम मनाई मिळाली. दोन्ही ठिकाणी मुख्य कारण एकच: परदेशी माणसाच्या प्रवेशाचा विषय केंद्राचा आहे, अशा वाहतुकीला शिक्षा देणारा केंद्राचा कायदा आधीच आहे, त्यामुळे राज्याला तिथे जागा उरत नाही. अ‍ॅरिझोनाच्या खटल्यात २०१३ मध्ये अपील कोर्टाने तरतूद संदिग्ध आहे असंही म्हटलं, पण तिथेही केंद्राच्या अधिकाराचा मुद्दा होताच.

थोडक्यात, ड्रायव्हर सुटला, पण 'माणसाला नेणं हा गुन्हा असावा का' हा प्रश्न कोर्टासमोर उभाच राहिला नाही. उद्या केंद्राने तीच शिक्षा अधिक कडक केली तर या निकालांचा काही उपयोग नाही.

फ्रान्स: दुसऱ्या दारातून

फ्रान्स-इटलीच्या सीमेवर रोया नावाचं खोरं आहे. तिथला शेतकरी सेद्रिक एरू याने सीमा ओलांडून आलेल्या लोकांना जागा दिली, गाडीतून पुढे नेलं आणि त्याच्यावर खटला झाला. ६ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने त्यावर निर्णय दिला. स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्यांच्या ब्रीदातली 'बंधुता' ही नुसती घोषणा नाही, तिला घटनात्मक मूल्य आहे, असं परिषदेने मानलं. माणुसकीपोटी आसरा देणाऱ्याला कायद्यात सूट होती, पण देशाच्या आत त्याला इकडून तिकडे नेणाऱ्याला नव्हती. हा फरक घटनेत बसत नाही, असं ठरलं. सीमा ओलांडून देशात आणण्याला मात्र ही सूट लागू झाली नाही.

तक्रार जवळपास तीच, दार वेगळं. अमेरिकेत दारावर पाटी होती 'अधिकार कोणाचा', फ्रान्समध्ये 'बंधुता'. ज्या दारातून खटला आत जातो, त्यावर निकाल काय मागे ठेवणार हे ठरतं. आजच्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आपल्याकडे दार कुठलं?

आता लोणंदला येऊ. समजा कांदा मार्केटमधून एक टेम्पोवाला दहा-बारा हमाल घेऊन फलटणकडे निघालाय. त्यातले चौघे बंगाली बोलतात. महाराष्ट्र सरकार असा कायदा करू शकेल का, की त्या चौघांची कागदपत्रं न तपासता गाडीत घेतलं म्हणून टेम्पोवाला आत जाईल?

सरळ उत्तर: विषय राज्याच्या हातात नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली संघसूची उघडा. नोंद १७ म्हणजे नागरिकत्व आणि परकीय, नोंद १९ म्हणजे भारतात प्रवेश, हकालपट्टी, पासपोर्ट, व्हिसा, आणि नोंद ८१ म्हणजे राज्याराज्यांतलं स्थलांतर. सगळं केंद्राकडे. परवानगी नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान व जहाज कंपन्यांना दंड करणारा कायदा २००० साली झाला, तोही संसदेचा. त्यात दंड एक लाख रुपये होता. तो कायदा आता इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५ मध्ये विलीन झालाय आणि नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे.

म्हणजे अमेरिकेतलं भांडण आपल्याकडे संविधानातच मिटवून ठेवलंय. बरेच विद्यार्थी इथे थांबतात आणि लिहून टाकतात, 'भारतात हा प्रश्न नाही.' थांबू नका. आपल्याकडे प्रश्न आला तो वाहतूक करणाऱ्या सरकारबद्दल. टेम्पोवाला एखाद्याला आत आणतो, तसं सरकार एखाद्याला उचलून बाहेर नेतं. त्या नेण्याला आव्हान दिलं गेलं, आणि ते मुंबई राज्यातून दिलं गेलं.

परमिट आणि इब्राहिम वझीर मावत

फाळणीनंतर माणसं एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली आणि बरीचशी परतही येऊ लागली. घर, धंदा, नातेवाईक मागे राहिलेले. १९ जुलै १९४८ ला भारत सरकारने वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परमिट सक्तीचं केलं. १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला: इन्फ्लक्स फ्रॉम पाकिस्तान (कंट्रोल) अ‍ॅक्ट. परमिटशिवाय येणं हा गुन्हा. पण खरी धार होती कलम ७ ला. ज्याने हा गुन्हा केलाय, *किंवा केल्याचा वाजवी संशय आहे*, अशा कोणालाही भारतातून बाहेर नेण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकत होतं आणि तो अंमलात आणायचे अधिकार अधिकाऱ्यांना होते. आधी खटला चालून गुन्हा सिद्ध व्हायला हवा, अशी अट नाही. नोटीस नाही, म्हणणं मांडायची संधी नाही.

याच्या जोडीला संविधानाचं कलम ७ वाचा (आकडा तोच, गोंधळ करू नका). १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतरित झाला तो नागरिक धरला जाणार नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परमिटवर आला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे नागरिकत्वासारखी मोठी गोष्ट एका परमिटच्या प्रकारावर टांगलेली. एखादा माणूस आजारी नातेवाइकाला भेटायला गेला होता की कायमचा गेला होता, हे ठरवायचं कोणी?

इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य हा खटला या पार्श्वभूमीवर सुप्रीम कोर्टात पोचला आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला. प्रश्न नेमका होता: भारताच्या नागरिकाला या कायद्याच्या कलम ७ खाली भारतातून बाहेर काढता येईल का? बहुमताने उत्तर आलं, नाही. नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क कलम १९ देतं. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. परमिटशिवाय आल्याबद्दल शिक्षा करता येईल. पण निव्वळ संशयावरून, त्याला काही बोलू न देता, देशाबाहेर नेऊन सोडणं हे बंधन नव्हे, तो हक्कच संपवणं आहे. म्हणून नागरिकांपुरतं कलम ७ रद्द.

इथे संशोधक म्हणून तीन गोष्टी टिपून ठेवा.

पहिली, निकाल आला तेव्हा हा कायदा अस्तित्वातच नव्हता. १९५२ मध्ये भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट सुरू झाला आणि परमिटचा कायदा रद्द झाला. दरम्यान जी माणसं नेली गेली ती नेली गेली. निकालाची तारीख आणि माणसाच्या आयुष्याची तारीख जुळत नाही, हे कायद्याच्या इतिहासात सतत भेटेल.

दुसरी, मावत खटल्याचं दार होतं 'नागरिक'. दारातून आत यायला नागरिक असावं लागतं. जो नागरिक नाही त्याच्यासाठी पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, हान्स म्युलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरपवाद आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: मग नागरिक आहे की नाही हे कोणी सिद्ध करायचं? १९४६ च्या फॉरिनर्स अ‍ॅक्टचं कलम ९ सांगत होतं की 'मी परकीय नाही' हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. म्हणजे दार आहे, पण दाराची किल्ली संशय घेणाऱ्याने मागायची आणि संशयिताने शोधून आणायची.

तडीपारी: हे तर आपल्या गल्लीतलं

नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा. आषाढीला माउलींची पालखी नीरा स्नान करून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पूर्वेला फलटण. १९४८ पर्यंत लोणंदहून फलटणला जाणं म्हणजे ब्रिटिश मुलखातून संस्थानात जाणं होतं. हद्दीवरच्या गावाला हद्द म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पेपरात आपण नेहमी वाचतो, 'अमुक जण दोन वर्षांसाठी सातारा जिल्ह्यातून तडीपार'. बऱ्याचदा पुढे लगतच्या तालुक्यांची वा जिल्ह्यांचीही नावं असतात. असं का? कारण नुसत्या साताऱ्यातून काढलं तर लोणंदचा माणूस पूल ओलांडून नीरेत राहील आणि रोज संध्याकाळी दिसेल. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, कलम ५५ ते ५७ खाली हे अधिकार आहेत, आणि स्वतःच्या हद्दीबरोबर लगतच्या जिल्ह्यातूनही काढता येतं. जास्तीत जास्त मुदत दोन वर्षं. परवानगीशिवाय परत आला तर कलम १४२ खाली गुन्हा.

यालाही आव्हान दिलं गेलं. पहिला मोठा खटला एका मराठी पुढाऱ्याचाच: मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना १९५० मध्ये दिल्लीतून हद्दपार केलं, आणि सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो कायदा वैध ठरवला. १९५६ मध्ये हरी खेमू गवळी खटल्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ५७ ला आव्हान दिलं गेलं. तेही बहुमताने टिकलं.

आता मावत आणि गवळी शेजारी ठेवा. दोन वर्षांच्या अंतराने तेच सुप्रीम कोर्ट. दोन्हीकडे खटला न चालवता माणसाला उचलून हद्दीबाहेर पाठवणं. एक कलम पडलं, दुसरं टिकलं. का?

एक तर साताऱ्यातून काढलेला माणूस नाशिकला जाऊन राहू शकतो. भारतातून काढलेल्या भारतीयाने जायचं कुठे? आणि दुसरं, पोलीस कायद्याच्या कलम ५९ मध्ये नोटीस आहे: तुझ्यावर साधारण काय आरोप आहेत ते लेखी कळवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं. कलम ६० खाली अपील आहे. ही सुनावणी किती खरी असते हा वेगळा प्रश्न. पुढे पंढरीनाथ रांगणेकर खटल्यात कोर्टाने मान्य केलं की साक्षीदार घाबरतात, म्हणून आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगितलं तरी पुरे. दुसरीकडे जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तडीपारीचा आदेश रद्द करताना बजावलं की हा असाधारण उपाय आहे, तो सहज वापरायचा नाही.

या इतिहासाला आणखी जुनी मुळं आहेत. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात आलेल्या आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्र केलेल्या क्रिमिनल ट्राइब्स अ‍ॅक्टखाली अख्ख्या जमातींना हजेरी लावली जायची, पासशिवाय हद्द ओलांडणं हा गुन्हा होता. १९२४ च्या कायद्याच्या कलम २९ ने तर सरकारच्या घोषणांच्या वैधतेवर प्रश्न विचारायलाच कोर्टांना बंदी केली होती. तिथे दारच नव्हतं, भिंत होती. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मावत आणि गवळी या खटल्यांचं मोल कळायचं असेल तर ही भिंत आधी पाहायला हवी.

सुनावणी नसली की काय होतं

जुलै १९९८. मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या काही बंगाली भाषक मुस्लिमांना कुर्ला-हावडा एक्सप्रेसने सीमेकडे नेलं जात होतं. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. ही माणसं आमचीच, भारतीय, असा तिथल्या लोकांचा दावा होता. मोठा राजकीय गदारोळ झाला. कोण खरं, कोण खोटं, हे तपासायची जागा रेल्वेचा डबा नव्हती आणि फलाटही नव्हता. ती जागा मुंबईत, गाडीत बसवण्याआधी असायला हवी होती.

२००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने आसामसाठीचा वेगळा कायदा रद्द केला. त्या कायद्यात सिद्ध करायचा भार माणसावर नव्हता. पुन्हा कलम ९ आलं. जुलै २०२४ मध्ये रहीम अली प्रकरणात कोर्टाने एक मर्यादा घातली: भार माणसावर असला तरी सरकारने कोणालाही उगाच पकडून 'सिद्ध कर' म्हणायचं नाही. संशयाला आधी काहीतरी आधार हवा आणि तो त्या माणसाला सांगायला हवा.

आणि तरीही जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडून बांगलादेशच्या हद्दीत ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना परत आणावं लागलं. ते भारतीय निघाले. मावत खटल्याला तेव्हा एकाहत्तर वर्षं झाली होती.

मागे सांगितलेला लोणंदचा टेम्पो आठवा. फ्लोरिडाच्या कायद्यात ड्रायव्हरने बघून ओळखायचं होतं. इथे शिपायाने. दोघांसमोर बसलेला माणूस तोच, आणि दोघांकडे ओळखायचं साधनही तेच: भाषा, नाव, चेहरा. फरक इतकाच की ड्रायव्हर चुकला तर तो स्वतः तुरुंगात जातो, आणि अधिकारी चुकला तर दुसराच कोणी देशाबाहेर जातो. म्हणूनच मला वाटतं की या विषयात नागरिकत्वाच्या व्याख्येपेक्षा सुनावणीचा इतिहास जास्त कामाचा आहे. नागरिक कोण याचं उत्तर सुनावणीशिवाय मिळतच नाही.

तुम्ही काय कराल?

यातून संशोधनाचे छोटे, हातात मावतील असे प्रश्न काढता येतात. काही सुचवतो.

१. मुंबई राज्यात १९४८ ते १९५२ या काळात परमिटच्या कायद्याखाली हायकोर्टात गेलेली प्रकरणं: कोण लोक होते, कुठल्या जिल्ह्यांतले, काय व्यवसाय? बॉम्बे लॉ रिपोर्टरचे खंड आणि मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार इथून सुरुवात करा.

२. एका उपविभागातले दहा वर्षांचे तडीपारीचे आदेश. नोटीस आणि आदेश यांत किती दिवस गेले, अपिलं किती, मंजूर किती? माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहा. नावं मागू नका, तारखा आणि कलमं मागा. ज्याच्यावर फक्त आरोप होते त्याचं नाव प्रबंधात येऊन त्याला दुसऱ्यांदा तडीपार करू नका.

३. वर्तमानपत्रांची भाषा. 'हद्दपार', 'तडीपार', 'घुसखोर', 'निर्वासित', 'परप्रांतीय' हे शब्द कोणासाठी कधी वापरले जातात? जुन्या मराठी पेपरांच्या फाइल्स यासाठी सोन्यासारख्या आहेत.

निकालपत्र वाचताना क्रम असा ठेवा. आधी पाहा, याचिका कुठल्या कलमाखाली आली, म्हणजे दार कुठलं. मग पाहा, कोर्टाने कोणते प्रश्न विचारलेच नाहीत. मग मतभेदाचा निकाल वाचा, कारण बहुमताने गृहीत धरलेल्या गोष्टी तिथे उघड्या पडतात. सगळ्यात शेवटी शोधा, निकालानंतर त्या माणसाचं काय झालं. हे शेवटचं उत्तर लॉ रिपोर्टमध्ये क्वचितच सापडतं. त्यासाठी लायब्ररीतून उठून बाहेर जावं लागतं, आणि तुमचं खरं काम तिथेच सुरू होतं.